माळ्यावरची गरिबी

आमच्या माळ्यावर ३५ वर्षं झोपलेली आहेत. १९७४ ते २००८. सहा-सहा महिन्यांचा एक गठ्ठा, गठ्ठ्याला आडवी-उभी बांधणी आणि गाठीखाली खोचलेली पुठ्ठ्याची चिठ्ठी : 'जाने. ते जून १९८१'. अक्षर बायकोचं, गाठही तिचीच. सुतळी कागदाला कापते, म्हणून तिनं हे ७० गठ्ठे आपल्या जुन्या साड्यांच्या काठांनी बांधले आहेत. त्यामुळे खालून टॉर्च मारला, की 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली' हे भारदस्त साप्ताहिक हळदीकुंकवाला जमलेल्या बायकांसारखं दिसतं. कुणी इरकली, कुणी नारायणपेठी, बऱ्याचशा साध्या सुती, आणि १९८६चा पूर्वार्ध उगाचच जरीत.

आता हे घर सोडून पुण्याला मुलीकडे राहायला जायचं ठरलं आहे. मुलगी समजूतदार. तिनं आईचं पितळी पिंप घेतलं, माझी आरामखुर्ची घेतली, देव तर घेतलेच. गठ्ठ्यांचा विषय निघाला तेव्हा मात्र ती एवढंच म्हणाली, "बाबा, फ्लॅटला माळा नसतो." गरजा अमर्याद आणि साधनं मर्यादित, हे मी महाविद्यालयात ३५ वर्षं पहिल्याच तासाला शिकवत आलो. पण इतक्या थोडक्यात ते कुणी मला शिकवलं नव्हतं.

ज्यांनी हे साप्ताहिक पाहिलेलं नाही त्यांना त्याचा लळा समजावून सांगणं कठीण आहे. त्यात चित्रं नसत, कविता नसत, राशिभविष्य तर नसेच. सचिन चौधरींनी १९४९ मध्ये मुंबईत 'इकॉनॉमिक वीकली' काढलं, ऑगस्ट १९६६ मध्ये ते नव्या नावानं पुन्हा उभं केलं आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात ते गेले. पुढे १९६९ पासून २००४ पर्यंत कृष्णराज संपादक होते. ३५ वर्षं त्यांनी ते दर आठवड्याला काढलं, आणि ३५ वर्षं मी ते दर आठवड्याला माळ्यावर टाकलं. दोन्ही कामं चिकाटीचीच. अंकावर तारीख शनिवारची असे, पण आमच्या गावात तो यायचा मंगळवारी-बुधवारी, कागदी पट्टीत आवळलेला, पोस्टमनच्या काखेतला दमटपणा घेऊन. तो येईपर्यंत मी 'आला नाही अजून' म्हणून अस्वस्थ असे आणि आला की 'वाचायचाय' म्हणून निश्चिंत होई. आधी पत्रव्यवहार, मग संपादकीय टिपणं, मग पुस्तकांची परीक्षणं, एवढा फराळ चहाबरोबर व्हायचा. मुख्य जेवण, म्हणजे मधले तळटीपांनी गच्च भरलेले लेख, रविवारसाठी झाकून ठेवायचे. रविवारी पाहुणे यायचे. सोमवारी कॉलेज. मंगळवारी पुढचा अंक. अशा रीतीनं न वाचलेल्या रविवारांची ही उतरंड माळ्याच्या तुळईपर्यंत पोचली.

पहिला आला तो रद्दीवाला. मी बोलावलं नव्हतं. घर बदलणाऱ्यांचा वास या मंडळींना दुरून येतो. शिडीवर चढून त्यानं एक गठ्ठा हातानं तोलला, बाकीच्यांवर नजर फिरवली आणि खाली न उतरताच निकाल दिला, "तीनशे किलो तरी भरंल. पेपरला चौदा देतो काका, बुकाला दहा." म्हणजे काल सकाळी छापलेल्या बातमीला चौदा रुपये आणि तिच्यावर वर्षभर विचार करून लिहिलेल्या लेखाला दहा. विचारानं वस्तूचं मूल्य वाढतं की घटतं, या प्रश्नावर आमच्या शास्त्रात बरीच शाई खर्ची पडली आहे. बाजारानं तो प्रश्न शिडीवरून सोडवला. मी त्याला चहा दिला आणि परत पाठवलं. तीन हजार रुपयांना मी माझे रविवार विकणार नव्हतो.

मग मनात दानाचा विचार आला. दानाचा विचार फार सुखाचा असतो, प्रत्यक्ष दानापेक्षा कितीतरी. दोन रात्री मी अंथरुणावर पडून ते कपाट पाहत होतो : आमच्या महाविद्यालयाचं ग्रंथालय, काचेची दारं, आत कापडी पुठ्ठ्याचे तांबडे खंड, पाठीवर सोनेरी आकडे आणि खाली हातभर नव्हे, अगदी वीतभर पितळी पट्टी. माझं नाव नको म्हणून मी नम्रपणे सांगतो आहे आणि प्राचार्य ऐकत नाहीत, इथपर्यंत ते स्वप्न गेलं होतं. बायकोला सांगितलं. तिनं वाती वळता वळता विचारलं, "आणि माझे काठ?"

ग्रंथपाल बाई माझ्या विद्यार्थिनी. प्रथम वर्षाला माझ्याच वर्गात होत्या, म्हणजे मी त्यांना 'अगं' म्हणायला हवं, पण त्यांच्या टेबलाचा आकार पाहून तोंडातून 'अहो' निघतं, आणि वाक्याच्या शेवटी क्रियापद कुठलं लावावं या विवंचनेत माझी वाक्यं अर्धी राहतात. त्यांच्या पाठीमागे भिंतीवर डॉ. रंगनाथन यांची तसबीर होती. मूळचे गणिताचे प्राध्यापक. १९३१ मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं सांगितली. प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळावं, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा, हे सांगणारा माणूस गणिती असला तरी मनानं वधुवर सूचक मंडळ चालवणारा असला पाहिजे. त्यांचं पाचवं सूत्र असं, की ग्रंथालय ही वाढत राहणारी सजीव संस्था आहे. मी त्या तसबिरीकडे पाहूनच विषय काढला.

"सर, संस्था वाढते," बाई हळूच म्हणाल्या, "खोली वाढत नाही." मग त्यांनी पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला. डॉक्टर वाईट बातमी सांगण्याआधी असंच काहीतरी सरकवतात. ईपीडब्ल्यूचे सगळे जुने अंक आता जेस्टोर या ऑनलाइन संग्रहात आहेत. मुलं फोनवर वाचतात.

"वाचतात?"

"डाउनलोड करतात, सर."

ती न पाहिलेली मुलं मला एकदम आपली वाटली. त्यांचा माळा खिशात मावतो, इतकाच काय तो फरक.

ग्रंथालयाकडे स्वतःचेही बांधीव खंड होते आणि तेच आता कुठे ठेवावेत हा प्रश्न होता. त्यांच्यातल्या काहींचं निर्लेखन करायचं आहे, असं बाई म्हणाल्या. निर्लेखन! ग्रंथालयांत नको झालेली पुस्तकं दप्तरातून कमी करण्याला हा शब्द आहे. ऐकताना एखाद्या योगक्रियेसारखा वाटतो : पहाटे उठावं, शौचमुखमार्जन करावं, निर्लेखन करावं. माझा चेहरा पाहून बाईंना दया आली असावी. त्यांनी कार्डेक्सचा खण ओढला. ओढल्यावर तो कुरकुरला. मला तो आवाज ओळखीचा होता. तेव्हा प्रत्येक नियतकालिकाचं एक कार्ड असे, कार्डावर चौकटी, अंक आला की चौकटीत बरोबरची खूण. त्या निळ्या खुणांच्या रांगांमध्ये काही चौकटी कोऱ्या होत्या, काहींवर लाल शाई होती. "सर, हे एवढे अंक आमच्याकडे नाहीत. हे मात्र मी आनंदानं घेईन." त्यांनी यादी करून दिली. ११ अंक. सतराशेंहून जास्त अंकांतून ११. पितळी पट्टी डोळ्यांसमोर वितळून टाचणीएवढी झाली.

यादीत सर्वांत वर होता ९ जानेवारी १९७१. तो माझ्याकडे असण्याचं कारण नव्हतं, कारण माझी वर्गणी १९७४ची. पण तो अंक कुठला, हे मला चांगलं ठाऊक होतं. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांचा 'पॉव्हर्टी इन इंडिया' हा अभ्यास ईपीडब्ल्यूनं दोन भागांत छापला होता. २ जानेवारीच्या अंकात गरिबीची व्याप्ती आणि तिची वाटचाल, ९ जानेवारीच्या अंकात तिच्यावरची धोरणं आणि कार्यक्रम. माणसाला दिवसाला २,२५० उष्मांक मिळायला हवेत, हा निकष धरून त्यांनी हिशोब मांडला होता. १९६०-६१च्या किमतींनी तो खेड्यात माणशी महिना १५ रुपये, शहरात साडेबावीस रुपये असा येत होता. तेवढंही ज्यांच्या हाती नाही अशांची संख्या त्यांनी देशापुढे ठेवली. पुढे मार्चमध्ये निवडणुका झाल्या आणि 'गरिबी हटाओ' भिंतीभिंतींवर पोचलं. ग्रंथालयाकडे पहिला भाग होता. दुसरा नव्हता. म्हणजे गरिबी किती आहे आणि कुठे आहे, हे आमच्या महाविद्यालयात उपलब्ध होतं. तिचं करायचं काय, ते पान गहाळ होतं.

"कोण नेतं हो असे अंक?" मी म्हणालो. आणि म्हणून थांबलो नाही. सार्वजनिक मालमत्तेबद्दलची अनास्था, परत न करणारे वाचक, आमच्या वेळची शिस्त, असं पाच-सात मिनिटांचं छोटं व्याख्यान मी बाईंना उभ्या उभ्या दिलं. त्यांनी ते विद्यार्थिनीसारखं ऐकून घेतलं. तसबिरीतले रंगनाथनही ऐकत होते.

मग घरी शोधाच्या रात्री सुरू झाल्या. गठ्ठे खाली आले, गाठी सुटू लागल्या. बायकोच्या गाठीचं एक वैशिष्ट्य आहे : ती ओढली तर घट्ट होते, ढकलली तर सुटते. हे कळायला मला संसारात बराच वेळ लागला होता, गठ्ठ्यात पंधरा मिनिटं लागली. एकेक अंक उघडला, की त्यातून लेख बाहेर पडत नव्हते, भलतंच काही बाहेर पडत होतं. १९७९च्या एका अंकात रोजगार हमी योजनेवरच्या मजकुराशेजारी मुलीनं काढलेला हत्ती, त्याला पाच पाय. मधला बहुधा तळटीप. एका समासात माझ्याच अक्षरात 'साफ चूक!' असं ठसठशीत लिहिलेलं, आणि त्याखाली वेगळ्या शाईत, काही वर्षांनी, 'कदाचित नाही' असं बारीक. कुणाबद्दल होतं, आता दोन्ही वेळा समजलं नाही. आणि मागच्या पानांवर, जिथे आकडेवारी मुंग्यांसारखी रांगेनं चाललेली असायची, तिथे घाऊक किमतींच्या निर्देशांकाला खेटून बायकोची यादी : तूरडाळ दोन किलो, गूळ, रॉकेल मिळालं तर. 'मिळालं तर' या दोन शब्दांत जेवढी टंचाई होती तेवढी शेजारच्या सबंध तक्त्यात नव्हती. मी ती यादी तिला वाचून दाखवली. ती म्हणाली, "मिळालं नव्हतं."

ग्रंथालयाला हवे होते त्यांतले नऊ अंक चार रात्रींत सापडले. दहावा १९९२चा, तो वाळवीनं मधोमध वाचला होता. माझ्या संग्रहातला पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला गेलेला तो एकमेव अंक. यादीतला राहिलेला, सर्वांत वरचा, मी शोधतच नव्हतो. तो १९७४च्या पहिल्या गठ्ठ्यात अगदी तळाला होता, इतर अंकांहून जास्त पिवळा. जुना कागद जसा वास धरतो तसा किंचित गोड वास त्याला होता. लाकडाच्या लगद्यातलं लिग्निन विघटित होताना कागद पिवळा पडतो आणि असा व्हॅनिलासारखा गंध सुटतो. गरिबीवरच्या अंकाला आइस्क्रीमचा वास येत होता. आणि मुखपृष्ठावर, उजव्या कोपऱ्यात, आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयाचा लांबट जांभळा शिक्का.

खालच्या पायरीवर बसून राहिलो. मग हळूहळू सगळं वर आलं. १९७३चा ऑगस्ट, स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवसाची संध्याकाळ. मी नुकताच लागलेलो, परवा पहिलं मोठं व्याख्यान, विषय अर्थातच गरिबी. नियतकालिकं बाहेर द्यायचा नियम नव्हता. पण ग्रंथालयाचे शिपाई, ज्यांना सगळे तात्या म्हणत, त्यांनी कुलूप लावता लावता तो अंक कोटाच्या आतून काढून माझ्या हातात ठेवला होता. चिठ्ठी नाही, नोंद नाही. "रात्रीपुरता न्या सर. सकाळी द्या." सकाळी झेंडावंदन होतं, सुट्टी होती. त्यानंतरची सकाळ उगवायची राहून गेली. पुढे कैक वर्षं तात्या मला व्हरांड्यात गाठून खालच्या आवाजात विचारायचे, "सर, ती गरिबी आणली का?" मी म्हणायचो, "हो, हो, शोधतो." दिवाळीच्या आधी, परीक्षा संपल्यावर, एकदा तर माझ्या सत्काराच्या दिवशी, हार घातलेल्या अवस्थेत, "सर, गरिबी तेवढी…" १९८९ मध्ये ते निवृत्त झाले आणि तो प्रश्न थांबला. थांबला म्हणून मला बरं वाटलं होतं, हेही आठवलं.

दुसऱ्या दिवशी मी दहा अंक पिशवीत घालून गेलो. नऊ वर ठेवले, दहावा त्यांच्याखाली. बाईंनी शिक्का पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि त्या हसल्या नाहीत, ही त्यांची मोठी सभ्यता. हसणं माझ्यावरच आलं. मी म्हणालो, दंडाचा हिशोब करू. तेव्हा दिवसाला पाच पैसे होता. ५२ वर्षांचे साडेनऊशे रुपयांच्या आसपास होतात. फक्त अडचण अशी, की पंचवीस पैशांपर्यंतची नाणी ३० जून २०११ पासून चलनातूनच गेली. दंड आहे पण दंडाचं नाणं नाही. चक्रवाढीनं काढायचा की सरळव्याजानं, चालू किमतींनी की १९६०-६१च्या, असा मी बराच वेळ पाल्हाळ लावला. माणूस ओशाळला की आकडेमोड करतो. आमचं निम्मं शास्त्र त्यातूनच जन्मलं असावं.

बाईंनी तेवढ्यात आतून जुनं साठा पडताळणीचं रजिस्टर आणून उघडलं होतं. त्यांना नुसतं कुतूहल होतं, अंकाची नोंद सापडते का पाहावी. सापडली. १९७५ची पडताळणी, अनुक्रमांकापुढे '९ जाने. ७१ : गहाळ', आणि शेवटच्या रकान्यात बारीक अक्षरांत 'किंमत वसूल'. त्यापुढे तात्यांची सही. मोडी वळणाची, थरथरत नाही पण घाईही नाही अशी, काळ्या-निळ्या शाईतली.

म्हणजे तात्या मला व्हरांड्यात गाठून विचारत होते ती सगळी वर्षं त्यांनी त्या अंकाचे पैसे भरलेले होते. मला ते कधी बोलले नाहीत. 'माझ्या पगारातून कापले' एवढं म्हणाले असते तरी मी धावत जाऊन माळा उलथा केला असता, आणि कदाचित हेच त्यांना नको असावं. विचार करता करता आणखी एक गोष्ट ध्यानात आली. किंमत भरली गेल्यावर तो अंक ग्रंथालयाचा राहिला नव्हता. माझा तर तो कधीच नव्हता. १९७५ पासून तो तात्यांचा होता, आणि माझ्या माळ्यावर, माझ्या बायकोच्या साडीच्या काठात बांधून, मी सांभाळत होतो.

देणगीच्या नोंदवहीत नऊ अंक माझ्या नावावर लिहून झाले. दहाव्यापाशी बाई थांबल्या. मी म्हणालो, तो तात्यांच्या नावावर घ्या. "पूर्ण नाव, सर?" आणि मला ते ठाऊक नव्हतं. सोळा वर्षं एका इमारतीत काढली. मराठवाड्यातलं त्यांचं गाव माहीत होतं, चहात साखर किती घेत ते माहीत होतं. नाव कधी लागलं नव्हतं. आम्ही दोघांनी त्या सहीवर डोकी एकत्र केली, भिंग घेतलं, खिडकीशी नेऊन पाहिलं. मोडीनं आपलं गुपित सोडलं नाही. शेवटी बाईंनी आपल्या सुबक अक्षरात लिहिलं : 'तात्या, ग्रंथालय शिपाई (निवृत्त)'. मग त्या १९७१चा बांधीव खंड घेऊन आल्या. २ जानेवारी आणि १६ जानेवारी यांच्यामध्ये बांधणाऱ्यानं एक कोरं पान घालून ठेवलं होतं. अंक त्यात शिवता येणार नव्हता. पाकिटात घालून त्यांनी तो त्या कोऱ्या पानाशी ठेवला आणि खंड मिटला. तो नीट मिटला नाही. थोडा फुगून राहिला.

घरी आलो तर बैठकीच्या खोलीत सुटे अंक तसेच पसरलेले, आणि त्यांच्यामध्ये बायको मांडी घालून साड्यांचे काठ मांडीवर घेऊन बसलेली. एकेक काठ अंगठ्यानं सरळ करत होती. हा मंगळागौरीचा, हा तुमच्या पहिल्या पगारातला, हा ताईनं दिलेला, मला आवडला नव्हता. मुलीचा फोन येऊन गेला होता : बाबांना सांग, दिवाणाच्या पोटात जागा करते, बारा वर्षं मावतील. कुठली बारा, ते ठरवा म्हणावं. मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो, गुडघ्यांनी नाराजी नोंदवली. चौऱ्याहत्तरचे अंक तारीखवार लावायला घेतले. अंक लावणं माझं काम, बांधणं तिचं, ही वाटणी जुनीच.

गठ्ठा तयार झाला तेव्हा तिनं चष्मा पुसला, हातातल्या दोन काठांकडे आळीपाळीनं पाहिलं आणि विचारलं, "ह्याला इरकली देऊ, का साधाच?"